आधी हे लाकडात होतं

"मॅडमच्या कम्प्युटरला ओळंबा नाय बसवलेला वाटतं."

नामदेव मिस्त्री हे त्याच्या गवंड्याला म्हणाला, मला नाही. पण मी जवळच उभी होते. त्याच्या हातातला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन, सरळ खाली लोंबत होता, आणि नव्या विहाराच्या ओसरीवरच्या पहिल्या खांबाचा साचा त्याच्यापासून फटकून आत झुकला होता. नकाशा माझा होता. झुकण्याची कल्पना भालेराव काकांची होती, आणि ते तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसले होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "आधी हे लाकडात होतं."

"काय, खुर्ची?"

"खुर्ची पण."

दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं. एकदा ओतलं की तिरकं ते तिरकंच राहणार, म्हणून संध्याकाळी कमिटी बसून काय ते ठरवणार होती. मिस्त्रीने साचा तेवढा उभा केला होता, पण पाचर ठोकताना चेहरा असा की हे पाप माझ्या नावावर लिहू नका.

भालेराव काका कर्जतला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत आणि विहार बांधकाम कमिटीचे अध्यक्ष आहेत. त्यांना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, ते एकच वाक्य म्हणतात. इडलीपात्र, एटीएमचं दार, माझ्या आईची नवी चप्पल. कुणीतरी मुद्दाम मोबाइल पुढे केला, तर म्हणाले, "लाकडात होता. आम्ही खांबावर चढून जोडायचो."

हे वाक्य त्यांनी कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या बौद्ध लेण्यांतून आणलं आहे. तिथे दर्शनी भागावर तुळयांची टोकं दगडात कोरलेली आहेत. ती काहीही पेलत नाहीत, कारण वर सगळा डोंगर आहे. पूर्वी अशी सभागृहं लाकडाची असत, आणि कोरणाऱ्यांनी लाकूड जसंच्या तसं दगडात उतरवलं. लाकडी खांब छताच्या भाराने बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून आत कलते ठेवायचे. दगडाला ती भीती नव्हती, तरी दगडातही ते कलतेच ठेवले. काकांना यात फार मोठी गोष्ट दिसते. मला कॉलेजात ती एका स्लाइडवर दिसली होती.

मी ज्या आर्किटेक्टकडे काम करते तिथे जुन्या शैली हा रोजचा धंदा आहे. खालापूरच्या बाजूला शनिवार-रविवारची घरं बांधणारे लोक येतात आणि म्हणतात, थोडं ग्रीक, थोडं राजस्थानी, पण दिसायला मॉडर्न. मी काढून देते. त्यामुळे काकांनी "आपल्याला इसवी सनाच्या आधीचं पाहिजे" असं सांगितलं तेव्हा मला धक्का बसला नाही. निदान यांचा नमुना आपल्याच तालुक्यातला होता.

एकदा त्यांना कुंभिवलीजवळच्या एका हॉटेलाचे रोमन खांब दाखवले. ते माझे होते, पण मी सांगितलं नाही. काकांनी एका खांबावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"पोकळ हाय," ते म्हणाले. "ह्यानं काय उचललंय?"

"काही नाही. शोभेचा आहे."

"मग ठीक हाय. लेण्यातलं पण काय उचलत नाय." आणि खांबाला थोपटून आत वडा खायला गेले. माझ्या कामाचं इतकं मोठं कौतुक ऑफिसात कुणी केलेलं नाही.

विहाराचा नकाशा सुरू झाला तेव्हा ते मला लेण्यांकडे घेऊन गेले. म्हणजे पायथ्याच्या टपरीपर्यंत ते आले. तिथे गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जा. मी इथून सांगतो." आणि खरोखर फोनवरून सांगत राहिले, मधेमधे रेंज जात राहिली.

"खांब बघ. किती कललेत?"

"काका, बरेचसे खालून तुटलेत."

"तुटले तरी कल असेल ना."

कल होता, वरच्या उरलेल्या भागात. पण एक अडचण होती. ते खांब सभागृहाच्या आत होते आणि काकांना तिरके खांब ओसरीवर, रस्त्याच्या तोंडाला हवे होते. खाली आल्यावर मी हे सांगितलं.

"बाहेर पण असतील," ते म्हणाले. "पडले असतील."

इतिहासाशी असा व्यवहार करणारा क्लायंट मला नवीन नव्हता. मी विचारलं, मग कल किती धरू? काका उठले, टपरीच्या बांबूला पाठ लावली, पाय जरा पुढे सरकवले आणि मागे रेलले.

"एवढा. पाठीला बरं वाटेल एवढा."

इसवी सनाच्या आधी पाठदुखी होती का, असं माझ्या मनात आलं. ते मनातच राहिलं. माझं बहुतेक तिथेच राहतं. मी काकांचाच फोटो काढला आणि ऑफिसात येऊन त्यांच्या पाठीवरून कोन मोजला. आमच्या इंजिनिअरने डोकं खाजवलं, सळ्या वाढवल्या आणि म्हणाला, पडणार नाही, फक्त लोक विचारत राहतील.

तर, कमिटीच्या त्या दिवशी दुपारी काकांची थोरली बहीण पोशीरहून रिक्षाने आली. भावाला डबा आणला होता. काका साइटवर नव्हते, पाण्याच्या टँकरशी फोनवर भांडायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. आत्या दमल्या होत्या. ओसरीच्या कडेला बसल्या आणि साच्याच्या फळ्यांना पाठ टेकली.

"आगं," त्या म्हणाल्या, "ही तर सुलूची जागा."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"सुलू. ह्याची बायको. आमचा पोशीरचा जुना विहार लाकडाचा होता. जमीन भाताची, मऊ. म्होरले खांब आत कललेले. वंदना झाली की सुलू भायेर येऊन हितं टेकायची, अशी, रस्त्याकडं तोंड करून. कंबर दुखायची तिची. हा लाइनीवरनं येईस्तोवर बसून राह्यची. आमी म्हणायचो, गं, मूर्तीला पाठ करून काय बसतीस? तर म्हणायची, मन आत दिलंय, पाठ खांबाला."

"मग?"

"मग काय. तो विहार गेला, सुलू पण गेली." त्यांनी डबा मांडीवर सरळ केला. "सांगितलं नाय तुला ह्यानं?"

मला त्यांनी इसवी सनाच्या आधीचं सगळं सांगितलं होतं. ज्यांनी ती लेणी कोरली, त्यांनाही लाकडातलं नेमकं काय आठवत होतं, हे कुणी विचारलं नसावं.

संध्याकाळी कमिटी जमली. काकांनी लेण्यांवर भाषण केलं. शतकं सांगितली, त्यातली दोन चुकीची होती.

"लेण्यात ठीक हाय, भालेराव," सेक्रेटरी जाधव म्हणाले. "हितं कशाला? पोरं म्हणतील, विहार पिऊन उभा हाय."

लोक हसले. काकांनी तोंड उघडलं. आता ते वाक्य येणार म्हणून मागच्या एकाने आधीच ओठ हलवले. पण ते आलं नाही. काकांनी साच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग आपल्या पायांकडे.

"तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आत्या फळ्यांना टेकून बसल्या होत्या, त्या हळूच उठून बाजूला झाल्या.

जाधव मनाने चांगले आहेत. अध्यक्षांची फजिती त्यांनाही नको होती. "आपण असं म्हणू," ते म्हणाले, "नकाशात जरा चूक झाली. मॅडम नवीन हायत. होतं. काय मॅडम?"

सगळे माझ्याकडे वळले. मला फक्त हसून मान डोलवायची होती, आणि ते मला सवयीने जमतं. नामदेव मिस्त्रीने हातोडी उचलली होती, एका पाचरेवर टेकवलीही होती.

"चूक नाही," मी म्हणाले. "मी मोजून तिरके काढलेत. तसेच ओता."