आईची काळी दाढ

वेळ दुपारी दीडची. स्थळ आमचं जेवणाचं टेबल. आई उठून गेली होती आणि तिच्या ताटातलं अन्न जसंच्या तसं होतं.

वडील गेल्यापासून हे असंच चाललं होतं. चष्मा नाकावर टिकेना, इतकी ती वाळली. घरचे सगळे 'वय झालं' म्हणून मोकळे झाले. मी झालो नाही. जन्मभर बातमीदारी केलेला माणूस 'वय झालं' हे उत्तर छापत नाही. (पूल पडला तेव्हाही बांधकाम खात्याच्या साहेबांनी हेच उत्तर दिलं होतं.)

"आई, आ कर."

"कशाला रे?"

"कर म्हणतो ना!"

मोबाईलचा टॉर्च मारला. खालची शेवटची दाढ काळीकुट्ट! मग मी किडीच्या पायऱ्या वाचून काढल्या. आधी खडूसारखा पांढरा डाग, मग वरचं कवच फुटून खड्डा, मग कीड आतल्या मऊ भागात, शेवटी थेट नसेपर्यंत. एवढी काळी दाढ म्हणजे शेवटचीच पायरी. संध्याकाळी बायको कामावरून आली तशी मी ही बातमी तिला दारातच दिली.

"दुखतंय का, ते विचारलंत त्यांना?"

"पुरावा समोर असताना साक्षीदार कशाला?"

आईला घेऊन तडक दाताच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई.

"आजी, गार प्यायलं की ठणकतं?"

"ठणकतं," मी म्हणालो.

"रात्री दुखून झोपमोड होते?"

"होते तर!" मीच.

"दाढ नक्की कोणाची आहे?" असं म्हणून बाईंनी मला बाहेर बसवलं. (मंत्र्याच्या केबिनमधूनही मला कोणी असं काढलेलं नाही. म्हणजे काढलंय, पण इतक्या गोडीनं नाही.)

बऱ्याच वेळानं आत बोलावलं.

"कीड आहे, पण जुनी, थांबलेली," बाई म्हणाल्या. "काळी, चकचकीत आणि टोचून पाहिलं तर टणक. चालू कीड बहुतेकदा पिवळट, मऊ असते. नुसत्या रंगावरून ठरवायचं नसतं."

"मग ती जेवत का नाही?" माझा आवाज चढला. "लिहीन मी पेपरात! निदान करता येत नाही म्हणून!"

"खुशाल लिहा. मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, समोर कोणी बसलेलं नसलं की घास तोंडातच फिरतो."

आई रुमालानं ओठ पुसत होती. "उगाच भांडू नकोस रे. गुणी पोर आहे."

आईला घेऊन घरी आलो. तिथे चौकशी बसवली.

"दुपारी आईसमोर कोण असतं?"

"मी ऑफिसात असते," बायको म्हणाली. "घरी तुम्हीच असता."

"मग? मी टेबलावरच असतो की!"

"असता. फोन कानाला आणि पाठ त्यांच्याकडे."

मुलीनं आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं की तिला यात ओढू नये.

मी तिथल्या तिथे फर्मान काढलं. उद्यापासून आई आणि मी समोरासमोर बसून जेवणार, आभाळ कोसळलं तरी! आई नुसतं "बरं" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः उठून पानं घेतली. मला हात धुवायला पिटाळलं. वडील भाजीत मीठ नाही म्हणून कसे रुसायचे, ते सांगायला लागली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. लाकडाच्या वखारीला आग.

"आलोच," म्हणालो. "थांब हं."

आगीचा बंब उशिरा पोचला होता. मी अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "लोक तुमच्या भरवशावर बसलेले असतात! शरम वाटत नाही?" तो मान खाली घालून उभा राहिला. बातमी झकास झाली.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, चष्मा घसरून ओठांवर आला होता. बायकोनं माझ्याकडे न बघता दोन्ही ताटं उचलून आत नेली.

आई दिवसभर उपाशी होती. 'थांब' म्हटल्यामुळे ती थांबली होती. या प्रकरणी अद्याप कोणीही खुलासा केलेला नाही.