तात्यांची खाकी पिशवी

आमच्या गल्लीत भूकंपाची एक गोष्ट अजून सांगतात. कोयनेचा तो मोठा धक्का बसला तेव्हा सांगलीतसुद्धा भांडी खाली आली, सगळी गल्ली अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर. एकटे तात्या तेवढे आपल्या दारात, उंबऱ्याच्या आत ताठ उभे! वरनं कौलं पडतायत, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, रस्त्यावरनं ओरडतायत, "आवं, बाहीर या की वं!" तेव्हा कुठं तात्यांनी पाय उचलला. बाहेर येऊन म्हणतात काय, "आता मिळाला हुकूम."

खोटं वाटेल, पण माणूस असाच. पाटणकडचा, फौजेत हवालदार होऊन आलेला. हुकमाशिवाय हलायचं नाही, हे हाडात शिरलेलं. आमच्याकडे आले की दोनदा "या" म्हणावं लागायचं, नाहीतर दारातच उभे. एकदा साताऱ्याची एसटी समोरनं गेली, कारण कंडक्टर "चला" म्हणाला नाही. मी विचारलं, "तात्या, हात तरी करायचा." तर म्हणाले, "हुकूम न्हाई, बाय."

आणि गंमत ऐका. माझे बाबा सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती देवळाचे पाळक. त्या देवळाची घंटा तात्या वाजवायचे, सतरंज्या तात्या अंथरायचे, सगळी गीतं त्यांना तोंडपाठ. पण बाप्तिस्मा? नाही! काकींचा झालेला, तात्यांचा नाही. दर रविवारी उपदेश संपला की बाबा म्हणायचे, "ज्याला नवा जन्म हवा असेल त्यानं उभं राहावं." सतरा वर्षं तात्या शेवटच्या बाकावर बसून. मांडीवर खाकी पिशवी, दोन्ही हातांनी गुडघे गच्च धरलेले, जसे काही ते त्यांना न विचारताच उठतील.

पिशवीत काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की "सामान." गायकवर्गातली मुलं म्हणायची बाटली आहे. फौजी माणूस ना!

बाबांचा आणि त्यांचा वाद तर ठरलेला. उपासना संपली की पायरीवर जुंपायची.

"साहेब, पैल्या जन्माच्या टायमाला मला कुणी इचारलं हुतं का? मग दुसऱ्याच्या टायमाला माझी मर्जी कशापायी?"

"पण तात्या, जन्मल्यावर रडलात की नाही? ते रडणं तर तुमचंच ना!"

"रडाय आधी बाहीर यावं लागतंय, साहेब. बाहीर काडणारा त्यो."

"त्यानं दार उघडलंय. पाऊल तुम्ही टाकायचं."

"हुकूम येऊंदे."

आम्ही हसायचो. मग त्या उन्हाळ्यात काकींच्या पोटात गाठ निघाली आणि हसणं बंद झालं. मिरजेला मंगळवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, भरवसा देता येत नाही. काकींची इच्छा एकच, यांचा बाप्तिस्मा एकदा डोळ्यांनी बघायचा. सगळ्या मंडळीला ते माहीत होतं.

त्याआधीचा रविवार! बाबांनी विचारलं, आणि अख्ख्या देवळाच्या माना मागं वळल्या. बायकांच्या बाजूला काकी मान खाली घालून बसलेल्या. बाबांनी गीताचं शेवटचं कडवं तीनदा म्हणायला लावलं. पेटीवर मी होते, तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. तात्यांची बोटं गुडघ्यांवर पांढरी पडली. उठले नाहीत.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. "तात्या, काय बिघडलं असतं? काकीसाठी तरी उठायचं!"

"तीच तर पंचाईत हाय, बाय." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तिच्यासाठी म्या हिरीत उडी टाकीन. नदीत एक बुडी म्हंजे काय? पर मग त्यो बाप्तिस्मा तिच्या नावाचा झाला. वरच्याला काय सांगू? तुला फसिवलं म्हनून?"

मला राग आवरेना. हा कसला हट्ट?

सोमवारी काकींनी मला हाक मारली. तात्या गाडीची चौकशी करायला गेले होते. काकींनी खुंटीवरची खाकी पिशवी काढली आणि उघडली. आत पांढरं धोतर, पांढरा सदरा, एक टॉवेल. बास.

"बाप्तिस्म्याची कापडं हायती," काकी म्हणाल्या. "सतरा वर्सं बरूबर घेऊन फिरत्यात. हुकूम कवा येईल सांगता येतंय व्हय?"

मी बघतच राहिले. एवढी पांढरी!

"येड्या माणसाला वाटतंय, पिशवीत ऱ्हाऊन कापड पांढरंच ऱ्हातंय. शनवारी ते पिशवी खुंटीला लावून सतरंज्या झाडाय गेलं की म्या धुती. नीळ घालती, वाळवती, त्याच घडीवर घडी." त्यांनी माझा हात धरला. "पोरी, म्या माघारी आले न्हाई तर दर शनवारी तू धू. आन त्येस्नी सांगायचं न्हाई."

मी मान हलवली.

मंगळवारी मिरजेला दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं. बाबा, मधे तात्या, मी. पिशवी मांडीवर, हात गुडघ्यांवर. काकींना आत नेऊन दोन तास झाले. अचानक दार उघडून नर्स पळत बाहेर आली, काहीतरी घेऊन पळतच आत गेली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी नजर त्या दारावरनं हटेना.

धप्प आवाज झाला. वळून बघते तर पिशवी फरशीवर, आणि तात्या उभे. हात दोन्ही बाजूंना, सावधान.

"तात्या, कुणी बोलावलं?" बाबांनी विचारलं.

तात्या आपल्या पायांकडं बघत होते. "म्या उठलो का मला उठिवलं... काय कळंना, साहेब." डोळ्यांतनं धार लागलेली. "आत काय बी होऊंदे. ह्ये तिच्यासाठी न्हाई. नदीला पाणी हाय का?"

बाबा वाकले, पिशवी उचलली, झटकली आणि तात्यांच्या हातात दिली.

"आहे. कंबरेएवढं."

"बास झालं."

काकी वाचल्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या तेव्हा तात्या खाटेजवळ उभे, स्टुलावर बसायचं कुणी म्हणालंच नव्हतं. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. काकी ऐकत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आवं, पर कापडं?"

"हायती की! पिशवीतच." तात्यांनी घडी काढून दाखवली, चेहरा नुसता फुललेला. "बघ की, सतरा वर्सं झाली. मळली न्हाईत! त्येचीच कृपा."

काकींनी माझ्याकडं पाहिलं. टाक्यांवर हात दाबून धरला, हसू येत होतं ना.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्येचीच. आता बसा."

तात्या बसले.