बोक्याची गोळी आणि नामहक्काची मोहीम

अखंडमसुदालेखनधुरंधर, मेजपति, चष्माधारी राजश्री कारकूनसाहेब यांनी पशुवैद्याच्या मुलखावर स्वारी करोन आपल्या नावाचा हक्क कैसा मिळविला, ती हकीकत तपशीलवार लिहावी, ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा खुद्द कारकूनसाहेबांची, आणि ती मोहीम संपण्याआधीच दिली गेली, म्हणोन आता मागे घेता येत नाही.

साहेबांची सारी उमेद कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली, आणि मसुदा यांचा व सही वरिष्ठांची ऐसा तेथील रिवाज, म्हणोन त्यांचे नाव कोठे छापले गेले नाही, आणि याचे त्यांना फार दुःख. अशात घरचा बोका आजारी पडला, मग त्यास गोळी चारता चारता रक्तपात जाहला, आणि त्या अनुभवावरोन साहेबांनी मांजरवाल्यांच्या ऑनलाइन चर्चासभेत 'बोक्यास टॉवेलात कैसा गुंडाळावा' याविषयी दीर्घ मजकूर लिहिला. सभेत शिरतेसमयी अटींचे भले मोठे फर्मान पुढे आले, ते न वाचता साहेबांनी 'मान्य' दाबले, आणि नावाच्या चौकटीत, बोका खिडकीच्या पडद्यावर चढत होता म्हणोन, काहीबाही लिहून वेळ मारून नेली.

पुढे बोक्यासह पशुवैद्याकडे दाखल जाहले, तो भिंतीवर काचेच्या चौकटीत आपलाच मजकूर, टॉवेलासकट, आणि खाली नाव म्हणाल तर दवाखान्याचे! साहेबांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. पशुवैद्याने, हातात मांजर असल्याने वर न पाहता, जाहीर केले, की इंटरनेटवरचे ते सगळ्यांचे. मग साहेब तणतणत घरी आले, आणि बोकाही गोळीविना परत आला.

बाईसाहेबांनी सारे ऐकून घेतले. "अहो, टॉवेलात बोका मी धरला होता. माझं नाव कुठे आहे त्यात?"

यावर मसलत तहकूब जाहली.

मग सभेच्या व्यवस्थापकाकडे तक्रारीचा खलिता रवाना केला, आणि तिकडोन उलट फर्मान आले, की सभेतील मजकूर तमाम जगास खुला आहे, कोणीही घ्यावा, छापावा, वाटावा, आपण ते मान्य केलेच आहे, तरी कुरकुर करू नये. मात्र घेणाऱ्याने लेखकाचे नाव खाली देणे भाग आहे, आणि जे नोंदले तेच द्यावे, नोंदलेले नाव बदलत नाही. पहिला भाग वाचून साहेबांचा चेहरा पडला, दुसरा वाचून त्यांनी मिशीस पीळ दिला, आणि शेवटचे कलम, सवयीप्रमाणे, वाचलेच नाही.

फर्मानाची छापील प्रत ढालीसारखी पुढे धरोन दुसरी स्वारी जाहली, आणि पशुवैद्य तहास आला. नाव काय घालू, ऐसे त्याने पुसता साहेबांनी ताठ मानेने हुकूम केला, की सभेत नोंदले आहे तेच, वेलांटीचाही फरक खपणार नाही. पशुवैद्याने संगणकात पाहिले, मग साहेबांकडे पाहिले, आणि तह कबूल केला.

ठरल्या दिवशी साहेब नवा सदरा घालोन, बाईसाहेब व बोका यांसह दवाखान्यात आले. मजकुराखाली ठळक अक्षरांत नवी ओळ लागली होती. साहेब चष्मा पुसत होते, तो टोपलीत मांजर घेतलेल्या एका आजींनी कंपाउंडरास पुसले, "छान लिहिलंय रे. कोणी लिहिलं?"

कंपाउंडराने मान वळवून ओळ वाचली. "नंतर सांगतो."

"बरं बाबा. थांबते मी," आजी म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

साहेबांनी चष्मा चढवून पाहिले. 'लेखक : नंतर सांगतो.' त्या दिवशी चौकटीत घाईने लिहिलेले तेच, वेलांटीचाही फरक नाही.

"माझ्या बाबांनी लग्नाचं विचारलं, तेव्हाही हेच म्हणाला होतात," बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

साहेबांस फार वाटले, की आजींपुढे जावे आणि मीच तो म्हणोन सांगावे. दोनदा उठले, दोनदा बसले, मग बोक्याचा नंबर आला.

येणेप्रमाणे नामहक्काची मोहीम फत्ते जाहली, गनिमाने अट तंतोतंत पाळिली, बोट ठेवण्यास कोठे जागा उरली नाही. आजी मात्र अजून थांबल्या आहेत.