रोझमेरीचे चाळीस शेंडे

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या ताब्यात दिलेली वस्तू आजवर कधी बिघडलेली नाही! मोजणी खात्यात मी जुने नकाशे सांभाळतो. बावीस वर्षं झाली. एकाही नकाशाला वाळवी नाही, एकाचा कोपरा दुमडलेला नाही. त्यामुळे माझी थोरली मेहुणी सहा आठवड्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला निघाली आणि "माझ्या कुंड्या कोण बघणार?" असं तिने विचारलं, तेव्हा मी सोफ्यावरून असा उठलो, जणू कुणीतरी माझं नावच पुकारलंय.

"आम्ही बघू की!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला आता कळतो.

मेहुणीला आम्ही दोघंही ताई म्हणतो. ताई मुख्याध्यापिका आहेत. फक्त शाळेत नाही, सगळीकडे. त्यांनी चार कुंड्या आणून आमच्या गॅलरीत ओळीने उभ्या केल्या. पुदिना, बेसिल, थाईम आणि रोझमेरी. पहिल्या तिघी आपल्या साध्याभोळ्या, पण रोझमेरी म्हणजे काय सांगू! माझ्या कमरेइतकी उंच, डेरेदार, हात फिरवला की तासभर हाताला वास.

"फक्त पाणी घाला," ताई म्हणाल्या. "रोझमेरीला तेही बेताने. बाकी काहीही करायचं नाही. काहीही म्हणजे काहीही."

"ताई, निर्धास्त जा!"

आता मला सांगा, माणसाने नुसतं सांभाळायचं यात कर्तबगारी ती काय? कुलूपसुद्धा सांभाळतं! ताईंच्या मते मी म्हणजे धाकट्या बहिणीच्या नशिबी आलेला एक निरुपद्रवी गृहस्थ. तेव्हा ठरवलं, एक रोझमेरी घेतली ना, नऊ परत करायच्या. ताईंचा चेहरा बघण्यासारखा होईल! (चेहरा पुढे बघण्यासारखा झालाच, पण ते पुढे येईल.)

कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सोपं आहे साहेब. चार बोटं लांबीचे कोवळे शेंडे कापा. खालची पानं काढा. देठाला ही मुळं फुटायची पावडर लावा आणि पाण्यात ठेवा. महिनाभरात मुळं."

"सगळ्यांना?"

"छे! दहातले दोन जगले तर देव पावला म्हणायचं."

झालं. मी हिशेबी माणूस. दहातले दोन जगतात, मला आठ हवेत, म्हणजे कापायचे किती? चाळीस! रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली आणि मी कात्री घेतली. कापताना प्रत्येक शेंडा 'आता मला, आता मला' म्हणतोय असं वाटत होतं. तीन आखूड निघाले, ते मोजणीत न धरता बाजूला टाकले. चाळिसावा कापला आणि दोन पावलं मागे सरून झाडाकडे पाहिलं.

झाड कुठे होतं? कुंडीत एक खराटा उभा होता! अंगावर कुठेकुठे चार पानं. न्हाव्याला मध्येच फोन आला आणि त्याचा हात तसाच चालत राहिला, तर गिऱ्हाईक जसं दिसेल, तसं ते दिसत होतं.

पण कर्तबगार माणूस मागे बघत नाही. मी प्रत्येक शेंड्याच्या देठाला चिठ्ठी बांधली, क्रमांक एक ते चाळीस. वहीत नोंद केली. मग घरातले सगळे ग्लास काढले. ते संपले तेव्हा कप काढले. कप संपले तेव्हा वाट्या, औषधाचं मापाचं झाकण, आणि शेवटी दात घासायच्या ब्रशांचा ग्लास.

बायको परत आली. तहानलेली होती.

"अहो, ग्लास कुठायत?"

"कामात आहेत."

"आणि कप?"

"तेही."

"मग पाणी कशातून पिऊ? ओंजळीतून?"

एवढं बोलून ती गॅलरीत गेली. आतून बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण पिशवी पडल्याचा आवाज आला. मागोमाग बटाटे घरंगळत आत आले, आणि बटाट्यांच्या मागून ती.

"अहो, तुम्ही हे काय केलंत?"

"एकाच्या नऊ..."

"ती रोझमेरी भाऊजींनी लावलीय हो! गेले त्याच्या दोन महिने आधी. त्यांच्या हातचं एवढं एकच झाड उरलंय ताईकडे. बाकी सगळी बाग जुन्या घराबरोबर गेली."

मी खाली बसलो. बटाट्यांच्या शेजारी. माझे साडू म्हणजे शांत माणूस, कायम मातीने बरबटलेले हात. ते झाडं लावायचे हे मला माहीत होतं, पण हे झाड त्यांचं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला कसं कळणार?"

"'काहीही करायचं नाही' एवढं मराठीत सांगितलं होतं ना!"

आता चाळीस शेंडे जगवणं हा हौसेचा मामला राहिला नव्हता. तो अब्रूचा प्रश्न होता. आणि अब्रूपेक्षाही थोडं जास्त काहीतरी, जे मला नीट सांगता येणार नाही. नर्सरीवाला म्हणाला होता की शेंड्यांना दमट हवा लागते. आमच्या घरात सगळ्यात दमट खोली न्हाणीघर. मी चाळीसच्या चाळीस तिथे हलवले. खिडकीची कड, टाकीचं झाकण, बादल्यांच्या मधली जागा, सगळीकडे ग्लास आणि प्रत्येकावर प्लॅस्टिकची पिशवी. दारावर सूचना लावली : 'आंघोळ सावकाश करावी. पाणी उडवू नये.' बायको आठवडाभर आंघोळ अशी करत होती, जशी कुणी चोरी करतं.

त्याच आठवड्यात सासरे राहायला आले. त्यांच्या घराला रंग लागत होता. सासरे ऐंशीचे, तोंडात चार दात, पण त्या चार दातांची निगा अशी की बत्तिसांना लाज वाटावी. सकाळ-संध्याकाळ दंतमंजन! दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

"जावईबापू, तुमचं दंतमंजन झकास आहे! सुगंधी! कुठून आणलंत?"

"कुठलं दंतमंजन? आम्ही तर पेस्ट वापरतो."

"ती कपाटावरची छोटी डबी हो."

मी धावत जाऊन डबी आणली. त्या डबीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'पोटात घेऊ नये'!

"बाबा, त्यावर लिहिलंय ना!"

"चष्मा लावून दात कोण घासतं?"

बायको पांढरीफटक. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, सासऱ्यांनी मुळांची पावडर दातांना लावली!"

"मूळव्याधीची? ती दातांना कशाला लावली?"

"मूळव्याधीची नाही हो! मुळं फुटायची! कापून लावतो ना, त्याला!"

"काय कापलंत?"

"शेंडे! चाळीस कापले!"

मग डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सासरे राहू द्या. तुम्ही खुर्चीवर बसा. तुम्ही काय घेतलंय ते आठवतंय का?"

बायकोने फोन हिसकावून नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाले, डबीत काय आहे ते विचारून घ्या आणि लगेच कळवा. इकडे सासरे पूर्ण निवांत. "दातांना मुळं फुटली तर वाईट काय आहे? उरलेले चार तरी घट्ट होतील!"

मी नर्सरीवाल्याला फोन केला. "ती पावडर पोटात गेली तर काय होतं?"

"कुणाच्या?"

"सासऱ्यांच्या!"

"किती गेली?"

"चिमूटभर! लवकर सांगा!"

त्याने आवाज खाली आणला. "साहेब, खरं सांगू? ती दालचिनी आहे."

"काय?"

"दळलेली दालचिनी. त्याने देठाला बुरशी लागत नाही. मुळं फुटणं न फुटणं झाडाच्या मर्जीवर."

"मग 'पोटात घेऊ नये' कशाला लिहिलंत?"

"तसं लिहिलं नाही तर लोकांना ते औषध वाटतच नाही!"

सासरे वाचले. पण माझा धीर खचला, कारण चाळीस शेंड्यांचं भवितव्य चहाच्या मसाल्यावर अवलंबून होतं हे आता मला कळलं होतं. आणि झालंही तसंच. सहाव्या दिवशी क्रमांक अकरा काळा पडला. आठव्या दिवशी तेवीस, चोवीस आणि पस्तीस. ऑफिसातून घरी आलो की मी आधी न्हाणीघरात जायचो आणि बाहेर येऊन वहीत एकेक आकडा खोडायचो. सासरे विचारायचे, "आज किती?" मी बोटं दाखवायचो.

तिसऱ्या आठवड्यात ताईंचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवून झालं. मग त्या म्हणाल्या, "आता माझी रोझमेरी दाखवा बरं."

बायकोने मला ढोसलं. मी म्हटलं, "ताई, गॅलरीत जरा आवराआवर चाललीय. पाच मिनिटांत दाखवतो!"

पाच मिनिटांत माणूस काय करू शकतो, हे त्याला अडकल्याशिवाय कळत नाही. जगलेले अठरा शेंडे उचलले, हिरवा दोरा घेतला आणि आम्ही दोघांनी ते खराट्याला परत बांधले! बायको गाठी मारत होती आणि मला जे काही म्हणत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. लांबून झाड बरं दिसत होतं. फोन आणखी लांब धरला.

"छान आहे की!" ताई म्हणाल्या. "जरा जवळ आणा."

"नेटवर्क जवळ येत नाही ताई!"

तेवढ्यात एक शेंडा सुटला आणि टपकन पडला.

"ते काय पडलं?"

"वारा आहे!"

दुसरा पडला. मग दोन एकदम.

"आणि त्याला चिठ्ठ्या कसल्या लागल्यात?"

क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या होत्या! तेवढ्यात मागून सासरे ओरडले, "अगं, जावईबापूंनी झाडाची जनगणना घेतलीय!" मी कॉल कापला. नंतर नेटवर्कवर खापर फोडलं.

त्या खटाटोपात अठराचे अकरा झाले. पाचव्या आठवड्याअखेर एकही उरला नाही. खराट्यावरची चार पानंही वाळून गेली. मी शेवटचा आकडा खोडला आणि वही कपाटात अगदी आत सारली. बावीस वर्षांत प्रथमच माझ्या ताब्यातली वस्तू गेली होती, आणि तीही अशी, जिची दुसरी प्रत कुठेच नाही.

शनिवारी ताई आल्या. बायको म्हणाली, "मी सांगू का?" मी म्हटलं, "नको." दारातच उभा राहून सगळं सांगितलं. चाळीस शेंडे, पिशव्या, दोरा, सगळं. नऊ रोझमेऱ्यांचं स्वप्नही सांगितलं. शेवटी म्हणालो, "ताई, ते झाड भाऊजींचं होतं हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून चूक लहान होत नाही."

ताई आत आल्या. गॅलरीत गेल्या, खराट्यापाशी वाकल्या आणि एक वाळकी काडी बोटांत धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुख्याध्यापिका ओरडत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

"कुंडी घेऊन जाते," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात सासरे आपल्या खोलीतून आले. हातात त्यांचा स्टीलचा पेला. पेल्यात रोझमेरीचे तीन शेंडे, हिरवेगार!

ताईंनी पेला हातात घेतला.

"जावईबापू कापत होते ना, त्याच्या दोन दिवसांनी मी आलो," सासरे म्हणाले. "कुंडीच्या मागे तीन तुकडे पडलेले होते. मला वाटलं, टाकलेले आहेत. मोठे जावई घरी आले की त्यांच्या हातांना हाच वास असायचा. म्हणून उशाच्या खिडकीत ठेवले. वास घ्यायला."

ताईंनी पेला उजेडात धरला आणि एक शेंडा अलगद वर उचलला. खाली पांढरीशुभ्र मुळं, बोटभर लांब! तिन्ही शेंड्यांना!

"बाबा, तुम्ही याला काय घातलंत?" मी विचारलं.

"काय घालणार? पाणी बदलत होतो. बाकी काहीही केलं नाही."

ताई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग बायकोही. मीही पुसले असते, पण माझ्या हातात ताईंसाठी उचललेली, मातीने भरलेली कुंडी होती.

वाटणी तिथेच झाली. एक रोप ताईंना, एक सासऱ्यांना. तिसरं रोप ताईंनी उचललं तेव्हा मी कुंडी खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले. ताईंनी ते माझ्या हातांवरून पलीकडे नेऊन बायकोच्या हातात दिलं.

"तू सांभाळ," त्या म्हणाल्या. "आणि हे घरात असतील तेव्हा कात्री कुलपात ठेव."

जाताना मात्र त्यांना माझी दया आली असावी. पुदिन्याची कुंडी त्या मुद्दाम मागे ठेवून गेल्या. म्हणाल्या, "हा तुमचा. याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही. तुम्हालाही जमायचं नाही."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी फक्त पाणी घालतो. खरंच, फक्त पाणी! म्हणजे मधे एकदा थोडी माती उकरली होती. आणि एकदा जरा दालचिनी. पण परवापासून त्याची पानं पिवळी दिसायला लागली आहेत. तुमच्यापैकी कुणाला यावर काही उपाय माहीत असेल तर कृपया सांगा. फक्त जरा हळू आवाजात. बायको आतच आहे.