गुणवंतानं विमान बांधलं

"बैल बांधण्यापेक्षा सोपं काम हाय, मॅडम! विमान काही शिंग मारत नाही!"

सौंसरच्या बस स्टँडवर गुणवंतानं दीपालीला छातीठोकपणे सांगून टाकलं. तिचं दोन माणसांचं चिमुकलं विमान इंजिन कुरकुरल्यामुळे सकाळीच त्याच्या पडीक वावरात उतरलं होतं. आता ती नागपूरहून एक पार्ट आणायला निघाली होती.

"काका, तिन्ही दोर मी ठोकलेल्या खुंट्यांनाच बांधा. वादळात पंख वर उचलले जातात. विमान शाबूत राहिलं, तर उद्या तुम्हाला तुमच्या बागेवरून एक चक्कर!"

चक्कर! आपली संत्र्याची बाग वरून पाहायची म्हणून गुणवंता नुसता हरखून गेला. घरी पोहोचेपर्यंत त्यानं सावरगावच्या सगळ्या सोयऱ्यांना फोन लावले.

खुंट्या मात्र त्याला पसंत पडेनात. एवढ्याशा त्या! वावरात नागपूरच्या गाडीसाठी भरलेले संत्र्याचे चाळीस क्रेट पडले होते. त्यानं दोन्ही पंखांचे आणि शेपटीचे दोर त्या क्रेटच्या ढिगांना आवळले. "आता वादळाचा बाप आला तरी हालत नाही!"

वादळाआधी पाहुणे आले. सोयरे आले, लोधीखेड्याहून ट्रॅक्टर भरून माणसं आली. वावरात आलेल्याला संत्रं दिल्याशिवाय परत पाठवणं गुणवंताला या जन्मी जमणार नव्हतं.

"घ्या न जी! लेकरायले बी न्या!"

"अवो, वजन कमी होऊन राह्यलं!" त्याची बायको अमिता ओरडली.

"चार संत्र्यानं काय होते?"

चार वाजता आभाळ काळं झालं, धूळ उडाली आणि डावा पंख चक्क वर उचलला गेला! क्रेट पाहावेत तर निम्मे रिकामे. गेली चक्कर! पोरीचं विमानही गेलं!

"ज्यायनं ज्यायनं संत्रं खाल्लं, त्यायनं दोर धरा!" तो किंचाळला. "वजन तुमच्या पोटात हाय बावा!"

उजव्या दोराला सावरगाव लोंबकळलं, डाव्याला लोधीखेडा. शेपटीचा दोर गुणवंतानं कमरेला गुंडाळला आणि मातीत बसकण मारली. अर्धा तास सगळे भिजत, खिदळत, एकमेकांना शिव्या देत लटकून राहिले. वादळ दमून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी दीपालीनं पार्ट बसवला. विमानाला ओरखडासुद्धा नव्हता.

"कमाल केलीत काका! शेपटी कुणी धरली होती?"

"म्या! एकट्यानं!"

"एकट्यानं? वजन किती तुमचं?"

"एकशेआठ किलो!" गुणवंतानं छाती फुगवून सांगितलं.

दीपालीचा चेहरा उतरला. "काका, त्या सीटवर पंच्याऐंशीच्या वर चालत नाही हो."

मग अमितानं पदर खोचला. "माहं छप्पन हाय."

चक्कर मारून ती उतरली, तेव्हा गुणवंता धावतच गेला. "कशी दिसते व आपली बाग?"

"लई बारीक दिसते जी वरून," अमिता म्हणाली. "तुमी मात्र चांगले मोठे दिसले!"