चव समितीची न्याहारी

शाळेतल्या मुलांना सकस न्याहारी मिळाली पाहिजे, याबद्दल आमच्या पालकसभेत एकाचेही दुमत नव्हते. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. उपाशीपोटी आलेली मुले पहिल्याच तासाला पेंगतात, असे मुख्याध्यापिका बाईंनी सांगितले आणि लगेच ठराव झाला: रोज सकाळी प्रत्येक मुलाला एक उकडलेले अंडे, एक केळे आणि पेलाभर दूध. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, कारण माझी धाकटी पहिलीत आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ! शाळेत न्याहारी मिळणार म्हटल्यावर आम्ही घरची बंद केली. एकाच पोटाला दोन न्याहाऱ्या म्हणजे योजनेवर उघड अविश्वास झाला असता.

पहिल्या दिवशी गरमागरम अंडी आली. मुले रांगेत उभी राहिली. तेवढ्यात योजनेसाठी नेमलेल्या आहारतज्ज्ञांनी हात वर केला.

"थांबा! जबाबदार माणसानं चव घेतल्याशिवाय मुलांच्या तोंडात घास जाता कामा नये. नियम आहे."

नियम चांगलाच होता. मुख्याध्यापिका बाईंनी एक अंडे उचलले, कडेने चावले, डोळे मिटून चघळले आणि म्हणाल्या, "उत्तम!"

"हे उत्तम," आहारतज्ज्ञ म्हणाले, "पण शेजारच्याचं काय? अहो बाई, प्रत्येक अंडं आपापल्या कवचात बंद असतं. एकाच्या चांगुलपणावरून दुसऱ्याची हमी कोण देणार?"

तिथल्या तिथे चव समिती स्थापन झाली आणि पालकांतर्फे मला घेण्यात आले. नाही कसे म्हणणार? पोटच्या पोरांचा प्रश्न होता.

आम्ही प्रत्येक अंड्याचा एकेक घास घेऊन ते मुलांकडे पाठवू लागलो. तर दारात एक आई कडाडली, "उष्टी अंडी देता पोरांना? जनाची नाही, मनाची तरी!" तिचे म्हणणे रास्त होते. समितीची तातडीची बैठक भरली. चाखलेले अंडे उष्टे, म्हणून मुलांना देता येत नाही. न चाखलेले अंडे धोक्याचे, म्हणून तेही देता येत नाही.

"मग टाकून द्यायचं का?" मी विचारले.

"अन्न टाकायचं?" बाईंनी कानांवर हात ठेवले. "मुलांना आपण हेच शिकवतो का?"

अशा रीतीने हाती घेतलेले अंडे पूर्ण संपवणे हे समितीचे कर्तव्य ठरले. काम सोपे नव्हते. केळीही आपापल्या सालीत बंद असतात, आणि दूध एकाच भांड्यातले असले तरी पेले वेगवेगळे असतात. आमचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मदतीला चित्रकलेचे सर आणि कार्यालयातले कारकून घ्यावे लागले. मुले समोर बसून पाहत. तो वेळ फुकट जाऊ नये म्हणून वेळापत्रकात त्याला 'आहार-निरीक्षण' असे नाव मिळाले.

योजनेचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. बाईंचे गुडघे दुखायचे थांबले. माझ्या गालांवर लाली आली. चित्रकलेचे सर तर जिना धावत चढू लागले. मुले मात्र पेंगतच होती. न्याहारी अपुरी पडत असल्याचा निष्कर्ष काढून आहारतज्ज्ञांनी प्रत्येक मुलामागे दोन अंडी मंजूर करून घेतली. ओघानेच समितीही वाढवावी लागली.

भिंगरी घरी आली की दप्तर टाकील तिथेच बसून राही. एकदा तिने विचारले, "बाबा, आज अंडं कसं होतं?"

"छान होतं गं."

"आत पिवळं पिवळं होतं?"

समितीचा अहवाल यायच्या आधी सदस्याने अंड्याच्या अंतर्भागाबद्दल बोलणे नियमात बसत नव्हते. मी तिला दप्तर जागेवर ठेवायला सांगितले.

आमच्या हिने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरातरा शाळेत आली, कोणाला न विचारता अंडे सोलले आणि भिंगरीच्या हातात दिले. "खा गं बाय." भिंगरीने ते मटकावले.

"अहो, न तपासलेलं अंडं!" बाई मटकन खाली बसल्या.

मुलीला ताबडतोब निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. लक्षणे गंभीर होती. पहिला तासभर तिचे डोळे उघडे होते. मधल्या सुट्टीत ती पळाली. गणिताच्या तासाला तिने फळ्यावरची चूक दाखवली आणि वर विचारले, "सर, बाकीच्यांना अंडं कधी देणार?"

आहारतज्ज्ञांनी कपाळावरचा घाम पुसला. "एका अंड्यानं ही अवस्था! अख्खी शाळा अशी झाली तर सांभाळणार कोण?" तेव्हापासून समिती आतून कडी लावून चव घेते.

आमच्या घरी मात्र न्याहारी पुन्हा सुरू झाली. भिंगरी परत घरभर गरगरते, आणि तिला पाहून मला खरोखर फार बरे वाटते. आमची ही पुन्हा शाळेत फिरकली नाही. "आपल्या पोरीचं भागलं ना? मग उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा?" म्हणाली.

तुमचा चेहरा लाल झालेला दिसतोय. बाकीच्या मुलांचं काय, हेच विचारायला आलात ना? वा! अशी तळमळीची माणसंच समितीला हवी आहेत. उभे का? बसा ना, हे घ्या, गरम आहे. मीठ हवं का? खिडकीतून मुलं बघताहेत, तिकडे लक्ष देऊ नका. दोन दिवसांत सवय होते.