अठ्ठेचाळीसवर नाबाद

"रविवारपर्यंत नेटची वायर कुणी लावायची नाय. कुणी म्हणजे कुणी!" विक्रांतने कॉम्प्युटरमागची वायर उपटली, तिची गुंडाळी केली आणि मिठाच्या बरणीमागे लपवली.

"आणि माझा रिझल्ट?" पायल, त्याची बहीण, ओरडली.

"सोमवारी बघ. नापास असशील तर सोमवारीपण नापासच असशील."

आता तुम्ही म्हणाल, एका वायरीसाठी एवढा तमाशा? तर त्याचं असं झालं होतं. विक्रांतचे पप्पा, सुदाम, फॅक्टरीत शिडीवरून पडले. पायात रॉड घातला, आणि बुवापाड्याच्या त्या दोन खोल्यांत ते खिडकीशी जे बसले ते बोलायचेच बंद झाले. ताट ठेवलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत बसायचे. मग विक्रांतने एक आयडिया केली. उल्हासनगरातून आणलेल्या क्रिकेटच्या गेममध्ये खेळाडूंची नावं बदलता यायची. त्याने एक अख्खी टीम खोडली आणि तिथे पप्पांची जवानीतली टेनिस बॉलची टीम टाकायला घेतली. पप्पा स्वतः ओपनर, वर काळीभोर मिशीसुद्धा. पप्पांनी स्क्रीनवर आपलं नाव बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि कितीतरी दिवसांनी पहिलं वाक्य बोलले, "माझा स्टान्स असा नव्हता."

झालं! त्या दिवसापासून माणूस जागा झाला. चहा मागायला लागला, पायलला चिडवायला लागला, आउट झाला की अंपायरचा उद्धार करायला लागला.

दुसरा ओपनर होता हिंदुराव. हिंदुराव म्हणजे पप्पांचा एकेकाळचा जिगरी. आता बदलापूरला, कात्रपला राहायचा, आणि दोघांत कित्येक वर्षं बोलणं नाही. का? तर एका फायनलला पन्नास करणाऱ्याला टेबल फॅन बक्षीस होता. पप्पा अठ्ठेचाळीसवर. हिंदुरावने "ये, ये" करून बोलवलं आणि पप्पा अर्ध्या पिचवर आल्यावर "जा, जा" केलं. रनआउट! फॅन गेला आणि दोस्तीपण गेली.

आणि परवा काय व्हावं? गेममध्ये पप्पा खेळता खेळता बरोब्बर अठ्ठेचाळीसवर आले. त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला.

"सेव्ह कर. हिंद्याला बोलव. उरलेले दोन त्याच्या डोळ्यांसमोर काढणार."

विक्रांतने घाबरत घाबरत फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. मग हिंदुराव म्हणाले, "रविवारी येतो."

आता धोका एकच, गेमची कंपनी. नेट लागलं रे लागलं की स्क्रीनवर एक चौकट यायची: नवीन अपडेट आलंय, टाकू का? 'यस' की 'लेटर'? विक्रांतच्या दोस्ताने यस दाबलं तर त्याची सगळी बदललेली नावं उडाली, सेव्ह केलेल्या मॅचसकट. म्हणून हा कर्फ्यू.

पण मिठाच्या बरणीमागे वायर किती दिवस लपणार? शनिवारी वरणात मीठ घालताना आईला, म्हणजे जनाबाईंना, ती सापडली. पायलने ती लावली, रिझल्ट बघितला, पास! नाचत शेजारी पेढे वाटायला गेली आणि वायर तशीच राहिली.

संध्याकाळी विक्रांत घरी आला. पप्पा काठी टेकत सलूनला गेले होते, अपघातानंतर पहिल्यांदाच. त्याने सहज गेम उघडला, तर काय! पप्पांच्या जागी सोनेरी केसांचा कुणी सँडर्स उभा होता. सेव्ह केलेली मॅच उघडेना.

"आई! यस कुणी दाबलं?"

"मी," जनाबाई फडकं झटकत म्हणाल्या. "रोज बिचारं दारात येऊन विचारतंय, येऊ का, येऊ का. तुम्ही आपलं रोज नंतर, नंतर. बरं दिसतं का? पोरगी पास झाली, घरात शिरा केलाय, म्हटलं आज तरी ये बाबा."

"अगं, ते अपडेट आहे! पाहुणा नाय!"

"असेना. विचारून तर आलं. तुझे दोस्त तेवढंपण विचारत नाहीत."

आता? जुनं व्हर्जन परत टाकायचं तर सीडी पाहिजे. सीडी कुठाय? पायलने बोट दाखवलं. खिडकीत, दोऱ्याला, कबुतरं पळवायला.

"तूच म्हणालास, एकदा इन्स्टॉल झाल्यावर सीडी लागत नाय!"

विक्रांतने सीडी उतरवली. कबुतरं पळाली नव्हतीच, उलट सीडीवर आपली सही ठोकून गेली होती. साबणाने धुतली, बनियनने पुसली, आत घातली. कॉम्प्युटरने घर्रर्र केलं, खोकला आणि ती बाहेर काढून दिली.

तेवढ्यात दारात पप्पा. गुळगुळीत दाढी, आणि मिशी गेममधल्यासारखी काळी कुळकुळीत करून आलेले.

"कसा दिसतोय? हिंद्या ओळखेल ना?"

त्या मिशीला काय सांगणार?

रविवारी हिंदुराव आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहरा त्याहून कडक. "जय भीम, वहिनी." मग पप्पांकडे बघून नुसती मान हलवली. पप्पांनीही हलवली. दोघं कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्यांवर बसले, मध्ये तिसरी खुर्ची मावेल एवढं अंतर ठेवून.

"लाव रे, विक्रांत."

"पप्पा, ते... लाइट गेलीये."

डोक्यावर पंखा भणाणत होता. तिघांनी वर बघितलं. हिंदुरावांनी केस सावरले.

मग विक्रांतने सगळं सांगून टाकलं. अपडेट, सँडर्स, कबुतरं, सगळं एका दमात. पप्पांची मान खाली गेली ती वर येईना. ते पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसतात की काय, एवढीच विक्रांतला भीती. जनाबाई पदराचं टोक चोळत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"म्हणजे परत अठ्ठेचाळीसवरच," पप्पा पुटपुटले.

हिंदुराव खाकरले. "या वेळी माझा हात नाय हां, सुदाम."

पप्पांचे खांदे हलायला लागले. विक्रांतला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! "या वेळी बायकोने रनआउट केलं रे!" म्हणत त्यांनी हिंदुरावांच्या पाठीत अशी थाप मारली की इस्त्री गेली.

"चल, टाकू परत नावं," हिंदुरावांनी खिशातून चष्मा काढला. "वन डाउन धोंडिबा. लेफ्टी."

"धोंडिबा राइटी होता."

"लेफ्टी!"

"अरे, लेफ्टने तो फक्त जेवायचा!"

"जेवायचाच ना? मग?"

दुपार टळली, चहा झाला, परत झाला, आणि टीममध्ये जेमतेम चार नावं. पुढच्या रविवारी हिंदुराव घरच्या चकल्या घेऊन आले. कीपर कोण होता, यावर चकल्यांचा डबा संपला. त्याच्या पुढच्या रविवारी एका जुन्या बोलरचं नाव आठवेना, म्हणून दोघं रिक्षा करून त्याच्याच घरी विचारायला गेले. पप्पा, जे दार ओलांडत नव्हते, ते!

शेवटी एकदाची अकरा नावं झाली. इकडे विक्रांतने सेटिंगचा कोपरान् कोपरा धुंडाळून काढला होता.

"पप्पा! काका! मिळालं! ही एक टिक काढली की अपडेट कायमचं बंद. आता नावं कधीच उडणार नाहीत!"

टाळ्या पडतील असं त्याला वाटलं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कधीच नाय?" हिंदुरावांनी विचारलं.

"कधीच नाय!"

"हां. म्हणजे झालं काम." हिंदुरावांनी चष्मा काढला, सावकाश घडी घालून खिशात ठेवला. "मग... निघतो मी, वहिनी."

पप्पांनी एकदा त्या खिशाकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे.

"विक्रांत, ती टिक परत लाव."

"पप्पा! सगळी टीम उडेल!"

"उडू दे. सहा नंबरला आपण चुकीचा माणूस टाकलाय."

"मी मघापासून तेच सांगतोय!" म्हणत हिंदुराव परत खुर्चीत बसले.